सरळ रेष

ओकुम्बा सरांच्या वर्गात सहा संगणक,
चालतात चार, त्यातल्या एकाची स्पेसची पट्टी उडालेली.
नेट म्हणजे सरांच्याच फोनमधलं शंभर शिलिंगांचं बंडल;
फोन खिडकीच्या गजाला रबराने बांधलेला,
कारण रेंज मिळते ती तिथेच,
नाम लोल्वेच्या बाजूला.

त्या ऑगस्टात मासे मेले.
पहाटे लोक काठावर आले तर पाणीच दिसेना,
नुसती पांढरी पोटं.
पिंजऱ्यातले न्गेगे, मोकळ्या पाण्यातले म्बुता,
आयुष्यभर एकमेकांना न भेटलेले,
एकाच रांगेत वाळूवर.

उत्तरं दुपारपर्यंत तयार होती.
साखर कारखान्याने विष सोडलं.
पिंजरेवाल्यांनीच खाद्य मापाबाहेर टाकलं.
कुणी म्हणालं, अमक्याची नजर लागली,
आणि अमक्याने त्या दिवसापासून चहाला येणं सोडलं.

सर म्हणाले, उत्तर राहू द्या पलीकडे.
"मासे का मेले" हा प्रश्न फार जाड आहे,
सुईच्या नेढ्यातून जाईल इतका बारीक करा.
दोन तास गेले घासण्यात.
शेवटी फळ्यावर उरलं एवढंच:
त्या रात्री तळाचं पाणी वर आलं का?

आत खोल पाण्यात एक पिवळा तरंगता खांब आहे,
कुठल्याशा विद्यापीठाने नांगरून ठेवलेला.
दर तासाला सात खोलींचं तापमान मोजतो
आणि सांगतो साऱ्या जगाला;
हाकेच्या अंतरावर राहून
आम्ही ते कधी ऐकलं नव्हतं.
फाईल अर्धी उतरली आणि बंडल संपलं.
अपोंदीने मोज्यातून वीस शिलिंग काढले,
कशासाठी जपलेले, ते सांगितलं नाही.

ओग्वेनो ओरडला, सर, सरोवर गोठलं!
उणे नऊशे नव्याण्णव अंश!
वर्ग हसला. मीही हसलो.
सर हसले नाहीत.
म्हणाले, यंत्र गप्प बसलं की असं लिहितात.
कागदावर कोरं सोडलं तर
कुणीतरी शून्य समजतं.

मग ओग्वेनोने ते सगळे नऊशे नव्याण्णव पुसले,
आलेख काढला, आणि काय सुरेख दिसला तो!
चढ, उतार, चढ,
मध्ये एक लांब सरळ रेष
अकरा तारखेपासून चौदापर्यंत,
दोरीवर वाळत घातल्यासारखी.

अपोंदी पडद्याला नाक लावून बसली.
सात वर्षांची असल्यापासून बापाच्या नावेत वल्हं मारलंय मी,
ती म्हणाली,
पाणी इतकं शहाण्यासारखं कधी वागत नाही.
ही रेष कुणी काढली?

कुणीच नाही. संगणकाने.
दोन टोकं दिसली, जोडून टाकली.

मासे मेले ते तेराला.

बंदर समितीच्या बैठकीत आम्ही कागद लावला,
मधोमध चार बोटं मोकळी जागा ठेवून.
अध्यक्षांनी चष्मा वर केला, खाली केला.
इथली रेष कुठे गेली?
इथे रेष नाही, अपोंदी म्हणाली.
मग तुम्ही शोधलंत काय?
तिला उत्तर सुचलं नाही, घाम फुटला,
मागच्या बाकावर कुणीतरी जांभई दिली.

तेव्हा ओग्वेनोचा बाप उठला.
त्याचे दोन पिंजरे गेले होते, तोवर तो गप्पच होता.
म्हणाला, बाराच्या रात्री दक्षिणेचा वारा सुटला होता,
आणि पाण्याला नासक्या अंड्याचा वास.
हे कुठे लिहाल?

सरांनी मोजलेल्या आकड्यांशेजारी
नवा रकाना आखला. वर लिहिलं: ऐकलेलं.
अध्यक्ष म्हणाले, याला पुरावा म्हणत नाहीत.
सर म्हणाले, म्हणून तर वेगळा रकाना.

आता शाळेआधी आमची पाळी असते.
दोरीला बाटली, बाटलीत दगड,
दर मीटरला एक गाठ.
काल दोरी हातातून निसटली, बाटली गेली,
अपोंदीने मला नावेतच शिव्या घातल्या
आणि वहीत लिहिलं:
बुधवार, सहा वाजता, मोजलं नाही.
कारण: ओमोलो.